कानात दिलेलं औषध

रूपाली : ...म्हणजे एवढंच आहे आजी. शेवटच्या पानावर तुमचा अंगठा, खाली आजची तारीख. एक फोटो काढला की आम्ही निघालो.

बयाबाई : आदी बस गो बाय. पोलादपुरापासनं गाडी, न वरचा चढ पायी. तोंड बग तुजं कसं झालंय. जितू, तिला पानी दे. मडकं जाग्यावरच हाय, का इसारलास?

जितेश : नाय विसरलो आत्या. घ्या, रूपाली.

रूपाली : थँक्यू सर.

बयाबाई : ही सर म्हनते तुला?

जितेश : कंपनीत म्हणतात गो.

बयाबाई : म्हनू दे की. एवडा शिकलास. पन तुजं तोंड का असं उतारलंय? आजारी व्हतास?

जितेश : दमलोय. महिना झाला, नीट झोप नाय. तू अंगठा दे, मग दोन दिवस येऊन राहतो. निवांत.

बयाबाई : अंगठा देयाला काय जातंय? पन कशावर ते तर सांग. मागं एकानं रस्त्यासाठी म्हनून समद्या वाडीचं अंगठं नेलान, न वर उबा ऱ्हायला टावर. त्याला पन रेंज नाय.

रूपाली : नाही आजी, तसलं काही नाही. तुमची जमीन वगैरे कुठेच येत नाही यात. हे त्या वेलीबद्दल आहे. तुमच्या बांधावरची. मी वाचून दाखवते ना. या वनस्पतीचं शास्त्रीय नाव...

बयाबाई : नाव नको घेव.

रूपाली : का?

बयाबाई : हितं तिचं नाव घेत न्हायत. औषदाचं नाव घेतलं का गुन जातो.

रूपाली : हे लॅटिन नाव आहे आजी.

बयाबाई : कंचं बी असूं दे. तिला कळतं.

जितेश : नाव सोडा, रूपाली. पुढचं वाचा.

रूपाली : बरं. ‘सदर वनस्पतीच्या रसापासून चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करण्याची पद्धत श्री. जितेश यांनी स्वतःच्या संशोधनातून...’

बयाबाई : अतिसूक्षम म्हंजे केवडं? रव्यायेवडं?

जितेश : रव्याचा एक दाणा घे. तो फोडला, परत फोडला, डोळ्याला दिसेनासा झाला तरी फोडत ऱ्हायलो. तेवढा. मशिनीतच दिसतो. चांदी इतकी बारीक झाली की तिचा गुण बदलतो, आत्या. जंतू मरतात.

बयाबाई : बदालतो कशाला? गुन हायच तिचा. माज्या सासूनं जलमभर सहानेवर उगाळलान ती काय पितळ व्हती?

रूपाली : सहाणेवर काय उगाळायच्या?

जितेश : ते नंतर बोलू.

बयाबाई : नंतर कशाला? वाळ्याचा तुकडा, चांदीचा. वेलीच्या रसात उगाळायचा. चिखलासारका काळा झाला का ढोराच्या जखमंवर लावायचा. किडं पडलेली जखम असली तरी आठ दिसांत सुकती. ह्याला म्हाईत हाय समदं.

रूपाली : सर?

जितेश : ऐकतोय मी.

रूपाली : तुम्ही मला म्हणालात, इकडे ती वेल कुंपणाला वापरतात. मी तसंच लिहिलंय. दुसऱ्या पानावर आहे. ‘कुंपणाखेरीज अन्य उपयोग नाही.’

जितेश : कुंपणाला वापरतातच.

रूपाली : सर, मी नोकरी करते, पण येडी नाही.

बयाबाई : भांडू नका गो दारात. जितू, नीट सांग. तुज्या सरकारला काय पायजे?

जितेश : सरकारला नाय, मला पायजे. पेटंट म्हणून एक कागद असतो आत्या. तू एखादी नवी गोष्ट शोधलीस तर सरकार लिहून देतं, की वीस वर्षं ही दुसऱ्या कुणी करायची नाय. करायची तर तुला विचारून. पण गोष्ट नवी पायजे. लोकांना आधीपासून म्हाईत असली तर कागद नाय मिळत. आता त्या हापिसातून पत्र आलंय. त्यांनी विचारलंय, हे तुमच्याकडच्या लोकांना आधीच म्हाईत होतं का.

बयाबाई : मंग व्हतंच की.

जितेश : होतं. पण माझ्यासारखं नव्हतं. तू उगाळतेस ते कधी जाड, कधी पातळ. कण एका मापाचा करायला, तो परत गोळा होऊ नये म्हणून थांबवून ठेवायला मला चार वर्षं लागली आत्या. चार वर्षं रोज तेच. आधी चहाची पानं, लिंबाची पानं, अळू, सगळं करून बघितलं. काय नाय झालं. आमचे कॉलेजातले सर म्हणाले, सोड, दुसरा विषय घे. आणि त्याच पावसात मी इकडं अडकलो. तू आजारी होतीस तेव्हा.

बयाबाई : तळीये गावावर डोंगर कोसाळला त्या सालात.

जितेश : हां.

बयाबाई : रस्तं तुटलं, म्हाडात घरांवर पानी. मला ताप. चार दिस उतारना. म्हटलं, आता काय आपुन उठत नाय.

रूपाली : आम्ही तेव्हा महाडातच होतो आजी. माळ्यावर बसून काढले दोन दिवस. चिखल काढायला पुढे महिना गेला.

बयाबाई : मंग तुला कळंल बाय. त्या टायमाला ह्यो एकटाच व्हता उशाला. म्हनून ह्याच्या कानात दिली.

रूपाली : काय दिलं?

बयाबाई : औषद.

जितेश : सांगितलं, म्हणायचंय तिला. कृती.

बयाबाई : सांगितली नाय, दिली. सांगनं येगळं. आमच्यात औषद एकाच मानसाकडं असतं. मरताना त्यानं दुसऱ्याच्या कानात द्यायचं. दिलं का आपला हात बंद. मंग घेतल्यालानं द्यायचं. तेचं काय घ्यायचं नाय, नारळसुदीक नाय. न दारात आलेल्याला नाय म्हनायचं नाय. माज्या सासूनं मला दिलान, मी ह्याला दिली. माजा घरवाला जित्ता असता तर तेला दिली असती.

रूपाली : आणि सरांनी त्यावर प्रबंध लिहिला.

जितेश : सरळ तसं म्हणू नका. मी एक वाक्य प्रामाणिकपणे घातलं. ‘स्थानिक लोक ही वेल गुरांच्या जखमांवर वापरतात.’ एकच वाक्य. तेच आता कुणीतरी शोधून हापिसात दाखवलंय. माझंच वाक्य माझ्यावर. आणि आभारात आत्याचं नाव पण घातलं होतं. आमचे सर म्हणाले, काढ ते. लोकांचं जुनं ज्ञान ठरलं तर कंपनी हात लावणार नाय. पेपर छापून आला, त्यावर सहा जणांची नावं आहेत. सहातल्या तिघांनी ती वेल आयुष्यात बघितलेली नाय.

बयाबाई : आयत्या बिळावर नागोबा. असूं दे. माजं नाव घालून मला काय वाचता येनार व्हतं? पन मला एक सांग जितू. औषद चांगलं झालंय ना?

जितेश : फार चांगलं झालंय आत्या.

बयाबाई : मंग झालं. मी समद्यांना तेच सांगते. चढाखाली टेम्पो आला, पानांची पोती भरून नेलान, तवा वाडीतलं जानू न कुशाबा इचारीत व्हते, एवडी पानं कशाला. मी म्हटलं, जितू तिकडं म्हाडाला कारखान्यात औषद करतोय. बाटलीत भरून आननार, न समद्या वाड्यांना देनार. वरंधपतूर. माजी सासू जास्तीत जास्त चार वाड्या करायची, चालत.

रूपाली : सर, आजींना सांगितलं नाही तुम्ही?

बयाबाई : काय?

जितेश : सांगणार होतो.

बयाबाई : काय रे?

जितेश : आत्या, ते ढोरांच्या औषधासाठी नाय घेतलं कंपनीनं. ढोरांच्या औषधाला निराळी परवानगी लागते, चाचण्या लागतात, पाच-सहा वर्षं जातात. आणि पैसे घालणारे म्हणतात, खेड्यातला माणूस ढोरासाठी बाटली विकत घेत नाय. म्हणून आधी दुसरं करायचं ठरलं. कापडाला लावायचं. मोज्यांना.

बयाबाई : मोज्यांना?

जितेश : पायातले मोजे. घामाचा वास जंतूंमुळं येतो ना. चांदी लावली की वास येत नाय. तीस वेळा धुतले तरी.

बयाबाई : (हसू लागते.) मोज्यांना!

जितेश : हस. हस तू.

बयाबाई : हसू नको तर काय करू? माजी आजेसासू, तिची सासू, समद्या ह्या सहानेवर हात काळं करून गेल्या. कुनाच्या पायाला वास येतो म्हनून? धू म्हनावं पाय. दोन तांबं पानी लागतंय.

रूपाली : मलाही पहिल्यांदा हेच वाटलं होतं आजी.

जितेश : हे आत्ता मोजे आहेत. कंपनी टिकली तर पुढं जखमेच्या पट्ट्या, मग ढोरांचा फवारा. माझ्या डोक्यात तेच होतं आधीपासून, खरंच होतं. पण प्रयोगशाळेतून बाहेर यायचं तर कुणीतरी पैसे घालायला लागतात, आणि पैसे घालणारा त्याला पायजे त्या दारातून बाहेर काढतो. मी काय करू? सहा माणसं आहोत कंपनीत. सोमवारपर्यंत हा कागद गेला नाय तर अर्ज पडला. अर्ज पडला की पैसे घालणारे मुंबईवाले निघून जाणार. छत्तीस वर्षांचा झालो आत्या. परत कुठं जाऊन पहिल्यापासून करू?

बयाबाई : रडू नको रे. तिच्यासमोर रडू नको.

जितेश : रडत नाय. धूर आहे तुझ्या चुलीचा.

बयाबाई : चूल कंदीच इजली.

(गोठ्यातून वासरू हंबरते.)

रूपाली : आजी, मघापासून विचारेन म्हणते. हा वास कसला येतोय?

बयाबाई : शेजारच्या महिपतीची कालवड हाय बाय. आत बांदलीय. खुराच्या वर काय तरी लागलं, त्यात किडं पडलं. चार दिस झालं, पाय टेकत नाय. मासळीच्या वरताण वास.

रूपाली : डॉक्टर?

बयाबाई : पोलादपूरचा डाक्टर एकदा आला, सुई दिलान, न परत ये म्हटलं तर म्हनतो, चढ लय हाय, जनावर खाली आना. तीन पायावरचं जनावर खाली कसं आनायचं?

रूपाली : मग तुम्ही तुमचं औषध का नाही लावलं? आत्ताच म्हणालात ना, आठ दिवसांत सुकतं.

बयाबाई : मी कशी लावू? सांगितलं ना, माजा हात बंद झाला. ह्याला दिली तवाच.

जितेश : आत्या, तू बरी झालीस ना पण. जगलीस. मग...

बयाबाई : जगले ते देवाच्या मनात व्हतं. दिलेली परत कशी घेनार? अंगावरची साडी हाय काय ती, दिली न थंडी वाजली म्हनून मागून घेतली?

जितेश : म्हणजे तू तेव्हापासून कुणालाच नाय दिलंस?

बयाबाई : नाय.

जितेश : पाच वर्षं?

बयाबाई : लोक यायचे. पयल्या वर्षी लय आले. मी म्हनायची, आता जितूकडं हाय, जितू आला का देईल. तू यायचास शिमग्याला एक दिस, गनपतीला दोन दिस, न निगायचास. कुशाबाचा बैल गेला त्यातच. मंग लोक यायचे कमी झाले. आता कोन येत नाय. महिपतीनं पन कालवड औषदाला नाय आनलान, तेच्या गोठ्याचा पत्रा उडालाय म्हनून हितं बांदली.

जितेश : मला का नाय सांगितलंस? एक फोन करायचास.

बयाबाई : काय सांगू? तुज्या कानात मी धा येळा बोलले व्हते, घेतलीस का तुलाच द्यायला लागंल. तू हो म्हनलास. तापात मी व्हते, तू नाय.

जितेश : मला वाटलं, ती रीत आहे बोलायची. वाटलं, तू उठलीस म्हणजे तू देतच असशील.

बयाबाई : तुला गोष्ट वाटली.

जितेश : मी कृती लिहून घेतली, आत्या. रस किती, चांदी किती, किती वेळ. बाकीचं नाय लिहिलं.

रूपाली : मग आता द्या ना सर. कालवड आतच आहे.

बयाबाई : बग. ही शानी हाय. वेल बांदावर हाय, सहान मी धुऊन ठेवलीय, वाळ्याचा तुकडा डब्यात हाय. तू आलास तवा म्हटलं, ह्याचसाठी आला. तू लाव, मंग माजा अंगठा घे. धा घे.

जितेश : आज नाय लावता येत.

बयाबाई : का?

जितेश : उद्या ग्रामपंचायतीची समिती येणार आहे वाडीत. घरोघर विचारणार, अशी वेल कुणी औषधाला वापरतं का. कंपनीनंच बोलावलंय त्यांना, त्यांचा दाखला पण अर्जाला लावायचाय. आज लावलं तर महिपतीकाका सांगणार ना, काल जितेशनं लावलं म्हणून. नाय सांगितलं तरी चांदीचा काळा डाग पडतो. महिनाभर जात नाय. मी स्वतःच लिहिलंय ते प्रबंधात.

रूपाली : सर.

जितेश : सोमवार होऊ दे, आत्या. मंगळवारी सकाळी येतो. रजा टाकून येतो, न लावतो. देवाशपथ.

बयाबाई : आज कंचा वार?

रूपाली : गुरुवार.

बयाबाई : किड्यांना सोमवार कळत नाय रे बाबा.

जितेश : मला कळतंय ते.

बयाबाई : त्या कागदाचं मला आता कुटं ध्यानात आलं. आमच्यात पन औषद एकाकडंच असतं, तुमच्यात पन एकाकडंच. मला वाटलं, सारकंच हाय. पन आमच्या मानसाला कुनाला नाय म्हनता येत नाय. न तुजा कागद मिळाला का समद्यांना नाय म्हनता येतं. हाय ना तसंच?

जितेश : हो. तसंच आहे.

बयाबाई : लय शिकून हे केलंस.

जितेश : बोल आत्या. काय बोलायचं ते बोल.

बयाबाई : काय बोलू? तुला मीच दिली. रूपाली ना गो तुजं नाव? तो कागद वाच परत. नाव नको घेव, शेवटचं तेवडं वाच. जिथं माजा अंगठा हाय.

रूपाली : आजी, तुम्ही नाही दिलात तरी चालेल. मी ऑफिसात सांगेन, घरी कोणी भेटलं नाही.

जितेश : रूपाली...

रूपाली : मी सांगेन सर. काय करतील?

बयाबाई : वाच गो.

रूपाली : ‘माझं वय बहात्तर असून मी जन्मापासून या भागात राहते. मला या भागातील सर्व झाडपाल्याची माहिती आहे. आमच्या वाडीत व शेजारच्या वाड्यांत सदर वेलीचं औषध कोणीही देत नाही.’

बयाबाई : आन शाई.

जितेश : आत्या, थांब. खोटं तुझ्याकडून नको. मी बघतो दुसरं काय तरी.

बयाबाई : कुटं खोटं हाय त्यात? आन बाय, हितं दाबू ना? पाच वर्सं झाली, कोन देत नाय.